नमुना क्रमांक सदतीस

प्रिय लंबू,

इकडे सगळं ठीक आहे. ठमीचा पुढचा दात पडला, तो तिने काडेपेटीत घालून तुझ्या रुमालांच्या खणात ठेवलाय, बाबांना दाखवायला. न्हाणीघरातला नळ पुन्हा ठिबकतोय. फोनवर तू तीनदा विचारलंस, रिपोर्ट आला का, आणि मी तीनदा सांगितलं, अजून नाही. खरं बोलले असते तर तू 'आवाज तुटतोय' म्हणून सटकला असतास. म्हणून हे पत्र. कागद काही तुटत नाही.

आपण हे दोघांनी बसून ठरवलं होतं, आठवतंय ना? अर्धशिशीत डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्या गर्भनिरोधक गोळ्या थांबवल्या आणि हॉर्मोनचं काहीही आता नको म्हणून बजावलं. मग तांबी बसवली. माझ्या बहिणीला ती दहा वर्षं मानवली, मला नाही. महिन्याचे आठ-आठ दिवस नुसता पाट वाहायचा, हिमोग्लोबिन आठावर आलं, शेवटी काढली. उरले कंडोम, आणि त्यावर तुझी रोजची कुरकुर. माझं ऑपरेशन करायचं तर पोट उघडणं आलं, भूल आली. ठमीच्या वेळी टेबलावर माझं रक्त थांबेना, तेव्हा बाहेर तुझी काय अवस्था झाली होती ते तूच मला सांगितलंयस. पुन्हा दिवस गेले तर जिवाशी खेळ आहे, हे बाईंनी तुझ्यासमोर सांगितलं. आणि तू छाती काढून म्हणालास की मीच नसबंदी करून घेतो, त्यात काय एवढं. मला इतका अभिमान वाटला रे! बहिणीला फोन करून सांगितलं, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

तू मला बरोबर येऊ दिलं नाहीस, मित्राला घेऊन गेलास. आलास तो फेंगड्या चालीने. तीन दिवस मी तुला बर्फाच्या पिशव्या पुरवल्या, उशा लावल्या, ठमीला सांगितलं की बाबांच्या मांडीवर उडी मारायची नाही. शी! धडधाकट मालाला तीन दिवस बर्फ लावून पडलेला माणूस आणि त्याच्या उशाशी पळणारी मी, हे आठवलं की स्वतःचे हात साबणाने धुवावेसे वाटतात.

तीन महिन्यांनी तपासणी करायची असते, ती स्वच्छ आल्याशिवाय भरवसा धरायचा नाही, हे मी तुला शंभरदा सांगितलं होतं. निघायच्या दिवशी सकाळी तू बाटली हातात दिलीस आणि बॅग उचलून कामाच्या गावी पसार झालास. आमच्या लॅबचा नियम तुला माहीत आहे, घरच्या माणसाची बाटली आपण बघायची नाही. मी सदतीस नंबर घातला आणि ताईंच्या पुढ्यात ठेवली. ताई बावीस वर्षं त्या खुर्चीवर आहेत, लोकांचं नको ते सगळं त्यांच्या नजरेखालून गेलंय. त्यांनी स्लाइड पाहिली, पुन्हा पाहिली, मग मला बोलावलं. शुक्रजंतू नाहीत हे ठीक, पण एक पेशी नाही, कण नाही, काही म्हणजे काही नाही. त्यांनी बाटली हुंगली. एक थेंब काचेवर घेऊन खालून आच दिली. तो पांढराशुभ्र होऊन फुगला. ताईंनी मला अगदी शांतपणे विचारलं, यावर मीठ-मिरी घालून आणू का.

मला त्या सकाळी फ्रिजमध्ये वाटीत झाकलेले दोन पिवळे बलक दिसले होते. वाटलं, ठमीसाठी ठेवले असतील. लंबू, अरे, लॅबमधल्या बायकोला तू अंड्याचा पांढरा बलक दिलास? आणि पिवळा वाया जाऊ नये म्हणून जपून ठेवलास? मी दिवसभर लोकांचे शौचाचे डबे उघडते, थुंकी बघते, पू बघते आणि त्याच हातांनी, धुऊन, दुपारी डबा खाते. मला कधी ओकारी आली नाही. त्या दिवशी आली. वीस मजल्यांच्या खड्ड्यात दोरीला लटकून लिफ्ट बसवणारा माणूस एका सुईला घाबरतो, यात लाज कसली? 'घाबरलो' म्हणाला असतास तर मी हसून कंडोमचं पाकीट आणून दिलं असतं. भित्रा नवरा चालतो. पण तू माझ्या जिवावर सोंग केलंस, याची किळस येते. तुझ्या उशीचा अभ्रासुद्धा मी वेगळा धुतला.

आता हे आजच का लिहिते आहे, ते ऐक. निघायच्या आधीच्या आठवड्यात तू कंडोमचं पाकीट केराच्या डब्यात टाकलंस, तीन महिने झाले, आता कसली भीती म्हणालास. आणि मी, दुसऱ्यांना शंभर नियम सांगणारी, तुझ्यावर विश्वास ठेवला. माझी पाळीची तारीख चार दिवसांपूर्वी होती. आज सकाळी मी माझीच बाटली ताईंपुढे ठेवली, नंबर नऊ. ताईंच्या हाताखाली दिवस गेलेत का ते दाखवणारी पट्टी होती तोवर मी दाराची चौकट धरून उभी होते आणि माझ्यानंतर ठमीची वेणी कोण घालेल एवढंच मनात येत होतं. सारखा विचारत होतास ना, रिपोर्ट आला का? आला. माझा. दिवस गेलेले नाहीत. पण ती चौकट धरून उभं राहणं मी विसरणार नाही. तुझी गादी बाहेरच्या खोलीत टाकली आहे. कुठली पद्धत वापरायची ते तू आल्यावर बोलू, पण आधी एका कागदावर तुझ्या हाताने लिहून आण की मी घाबरलो होतो आणि खोटं बोललो. तोवर हीच पद्धत.

तुझीच, पण आतून कडी लावून,
ठमीची आई