बाईंनी खुर्ची मागं घेतली

मंगळवार, संध्याकाळ

आज क्रोएशियातल्या हॉटेलच्या बाईंनी व्हिडिओ कॉलवर त्यांच्या भाषेत, क्रोएशियनमध्ये, मुलाखत घेतली. तिथं धुलाईच्या कामाला माणूस पाहिजे. व्याकरण माझं एकदाही चुकलं नाही. त्यांच्यातही आपल्यासारखीच तीन लिंगं. आपण हॉटेलचं ‘हॉटेलात’ करतो, तसं ते ‘हॉटेलू’ करतात. प्रत्येक शब्दाला शेपूट बरोबर लावलं. मग बाईंनी खुर्ची मागं का घेतली?

कॉल संपला तशी लक्ष्मी स्वयंपाकघरातून धावत आली. “अवो, कुणासंगं भांडताय?”

“भांडतोय कुठं? मुलाखत होती की.”

“अशी? शेजारचे दारात आलेत बघायला.”

तेव्हा डोक्यात उजेड पडला. ही भाषा मी एमआयडीसीत, टॉवेलच्या चालू लूमशेजारी उभं राहून पाठ केली. तिथं ओरडल्याशिवाय स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही. ‘मी आहे, तू आहेस’पासून सगळं ओरडूनच शिकलो. बाईंनी खुर्ची मागं घेतली, तेव्हा मला वाटलं, आवाज पोचत नाही. म्हणून आणखी चढवला!

मघाशी हळू म्हणून बघितलं, तर शेपटं आठवेनात. हळू आवाजात मला ही भाषा येतच नाही की काय?

“कळवू,” एवढंच बाई शेवटी म्हणाल्या. हसल्या नाहीत. ती मागं जाणारी खुर्ची डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि सगळ्यात मोठ्यानं मी काय ओरडलो? मोलिम. म्हणजे, कृपा करून.