पोत्यावरची रांग

बाबा, सेलूच्या भाजीवाल्या शेठजींच्या पिकअपबद्दल लिहायचं आहे. बाकी सगळ्या विषयांवर मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलते, या एका विषयावर कधी बोलले नाही. मी रोज डायरी लिहिते. त्या आठवड्याची पानं काल काढून बघितली, तर त्यांवर नुसती थंडी किती पडली आणि आईनं काय रांधलं एवढंच आहे.

माझ्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची दिवाळीची सुट्टी होती. गाडी किती किलोमीटर चालली होती ते शेठजींनाही ठाऊक नव्हतं, मीटर कधीचंच एका आकड्यावर थांबलं होतं. निळा धूर सोडायची, ऑइल खायची, भरलेली असली की चढावर बसायची. वरवर करून आता भागत नाही, पूर्ण इंजिन उतरवावं लागेल, असं तुम्ही त्यांना सांगितलंत. नालवाडीच्या आपल्या टिनाच्या शेडमध्ये चेनकप्पीनं इंजिन खाली आलं तेव्हा मी पाना घेऊन तुमच्या शेजारी उभी होते. आमच्या वर्गात दोनच मुली. पोरीला ग्रीसमध्ये बसवाल तर सोयरीक कोण आणेल, असं काकांनी आईला बजावलं होतं. तुम्ही मला तुमचा एक जुना खाकी शर्ट बाह्या आखूड करून दिलात.

तुमची एक रीत होती. दुसरे मिस्त्री इंजिन उघडताना प्रत्येक भागावर टोकदार पंच ठोकून ठिपके मारतात, एकाला एक, दुसऱ्याला दोन, म्हणजे ज्याचं त्याच्या जागी जातं. तुम्ही कधी मारले नाहीत. धुतलेलं पोतं जमिनीवर पसरायचं, त्याचं एक टोक रस्त्याकडे. इंजिनातलं रेडिएटरच्या बाजूचं पहिलं निघेल ते रस्त्याकडे ठेवायचं, मग दुसरं, मग तिसरं. मी कारण विचारलं तेव्हा म्हणालात, "लोखंडाले जखम काऊन करायची? रांग मोडली नाई, तं खुणेचं काम नाई." पोत्याजवळून जाताना आई लुगडं सावरून जायची, पंगतीतून जावं तशी.

क्रँकला, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याला, खालून धरून ठेवणाऱ्या पाच कॅप त्या पोत्यावर होत्या. प्रत्येक कॅप आपल्या जागेपुरतीच घडलेली असते, दुसरीकडे घट्ट बसते, पण नीट बसत नाही. टोकाच्या दोन सहज ओळखू यायच्या, मधल्या तीन दिसायला सारख्या. त्यांच्यावरचे कंपनीचे आकडे आधीच्या कुणा मिस्त्रीनं कानशीनं घासून टाकले होते. तुम्ही क्रँक घेऊन लेथवाल्याकडे निघालात आणि जाताना म्हणालात, "बाई, पोत्याले हात लावजो नको." मी कॉलेजातून व्हर्नियर आणलं होतं. तुम्ही परत याल तेव्हा मापं लिहून तयार ठेवावीत, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल, असं मनात होतं. मधल्या तीन कॅप उचलून मी वहीवर ठेवल्या. तेवढ्यात बाहेर कुणीतरी हवा भरायला हॉर्न दिला. हवा भरून आले तर तिन्ही वहीवर पडलेल्या. त्यांतली कुठली कुठून उचलली होती? मी तिन्ही पुन्हा पोत्यावर मांडल्या. बरोबर मांडल्या असं मला वाटलं. वाटलं, की मी वाटून घेतलं, हे इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

इंजिन बांधताना कॅप आवळून झाल्यावर तुम्ही क्रँक हातानं फिरवून बघितलात आणि थांबलात. "जड लागून राह्यलं." मी म्हणाले, "नवीन बेअरिंग आहेत बाबा, सुरुवातीला जड लागणारच." वर्गात ऐकलेलं वाक्य होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, डोळ्यांत कौतुक होतं, आणि पुढच्या कामाला लागलात. तुमच्या हाताला कळलं होतं, बाबा. त्या हाताला मी गप्प केलं.

इंजिन नवं झालं की गाडी पहिल्यांदा केळझरच्या गणपतीला न्यायची, हे शेठजींचं ठरलेलं. मागे सतरंजी टाकून सगळं घर बसलं. सेलू ओलांडल्यावर इंजिन ठोकायला लागलं आणि केळझर येण्याआधीच जाम झालं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरला बांधून गाडी आपल्या दारात आणली. लहान मुलं उन्हात रस्त्यावर बसून होती, म्हातारी आई चालत मागे फिरली, हे सांगताना शेठजींचा आवाज चढत गेला. शेजारचा पानठेलेवाला आणि आणखी चार-पाच जण येऊन उभे राहिले. "मिस्त्री, चष्मा लावा न आता," शेठजी म्हणाले, "का पोरीच्या भरवशावर दुकान सोडलं?" तुम्ही हात पुसत उठलात. "पोरीचं नाव नाई घ्यायचं, शेठजी. चूक माही आहे."

तेव्हा अजून इंजिन उघडलंही नव्हतं. चूक कुणाची ते तुम्हाला कुठं माहीत होतं?

दुपारी इंजिन उघडलंत. मधलं बेअरिंग जळून काळं झालेलं. तुम्ही कॅप एकेक करून दुसऱ्या जागी लावून पाहिल्यात, तेव्हा मधल्या कॅपची अदलाबदल झालेली दिसली. मग हळू आवाजात विचारलंत, "बाई, तुनं हात लावलता काय याले?"

काका शेडच्या दाराशी उभे होते. हो म्हटलं असतं तर तो खाकी शर्ट त्याच संध्याकाळी अंगावरून गेला असता, कदाचित कॉलेजही सुटलं असतं. हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही. काका गेल्यावर सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं, सुट्टी संपायला आठ दिवस होते.

मी म्हणाले, "नाही."

तुम्ही लगेच मान हलवलीत. "तं मग मीच रांग मोडली."

तुम्ही ते इंजिन पुन्हा बांधून दिलंत, आणि ते चांगलं चाललं. पण त्यानंतर इंजिनाचं दुसरं काम घेतलं नाहीत. डोळे दाखवून आलात. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे. घरी येऊन तुम्ही आईला म्हणालात, "डोळे चांगले आहेत. म्हंजे बिघाड डोक्यात आहे." पंक्चर, ग्रीस आणि ऑइल बदलणं एवढंच शेडमध्ये उरलं. मला नोकरी लागली तेव्हा पान्यांची पेटी माझ्यापुढे सरकवलीत, "मले आता याचं काय काम?" मी ती घेतली. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. तुम्हाला सगळं कळलं होतं आणि तुम्ही मला सांभाळून घेतलंत, असं मी कधीकधी स्वतःला सांगते. ही माझी सोय आहे. कळलं असतं तर तुम्ही इंजिन सोडलं नसतंत.

याहून वाईट पुढं आहे. पॉलिटेक्निकमध्ये हा भाग शिकवताना मी दर वर्षी एक उदाहरण देते. एक जुना मिस्त्री होता, अनुभवावर विसंबायचा, खुणा करायचा नाही, म्हणून त्याच्या कॅपची अदलाबदल झाली. मुलं हसतात आणि खुणा करायला विसरत नाहीत. उदाहरण फार उपयोगी पडतं.

हे पत्र आईला वाचून दाखवायचं ठरवून रविवारी नालवाडीला गेले. ती अंगणात तूर पाखडत होती. शेजारीण आली होती, तिला आई सांगत होती, हात सोन्याचा होता त्याइचा, शेवटी डोक्यानंच दगा देला. शेजारीण गेल्यावर तिनं माझ्या मांडीवरचे कागद बघितले.

"काय आहे ते? वाच न मले."

"पेपर आहेत, आई. मुलांचे. तपासायचे आहेत."

ती पुन्हा सूप घेऊन बसली. तिनं दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं.