झाडून काढलेलं जंगल

प्रिय जुसिंता,

फोनवर माझा आवाज चढला की तुला मीटिंग आठवते. कागदाला मीटिंग नसते, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाच.

तुझा अहवाल कंपनीच्या माणसांनी गावात घरोघर वाटला, "तुमच्याच मुलीनं लिहिलाय" असं हसून सांगत. गावाच्या वरच्या जंगलात वाळवी नगण्य, जमीन निर्जीव, तेव्हा झाडं तोडून पामतेलाचे मळे लावायला हरकत नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. खाली तुझी सही आहे. त्याच जंगलातून आपल्या ओढ्याला पाणी येतं आणि त्या ओढ्याचं पाणी पिऊन तू मोठी झालीस, हे अहवालात कुठे लिहायचं असतं ते मला ठाऊक नाही.

तू वाळवीच्या मोजणीला आलीस तेव्हा मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी केनिंगाउ शहरात तुझ्या भावाकडे होते. परत आले तर तुझा मामा मजांगकिम छाती काढून मला जंगल दाखवायला घेऊन गेला. तू येण्याआधी तुझ्या हाताखालच्या माणसाने झाडांना लाल फिती बांधून मोजणीचा पट्टा आखला होता ना? गावाने त्या फिती पाहिल्या आणि ठरवलं की भाची इथूनच चालणार. गावप्रमुखाची शिकलेली भाची, शहरातून येणार, मग काय, सगळं गाव सफाईला जमलं. बायकांनी पाला झाडला. पुरुषांनी कुजके ओंडके ओढून जाळले, खड्डे बुजवले, माती धोपटून सपाट केली. मामा म्हणतो, "एक काडी ठेवली नाही बघ. पोरीला अनवाणी चालता आलं असतं."

मी त्याला म्हटलं, "पाहुणीला जेवायला बोलावलंस आणि चूल विझवून ठेवलीस." त्याला कळेना. "वाळवी घराच्या खांबाला लागू नये म्हणून जन्मभर रॉकेल ओतलं, ताई, आणि आता तीच हवी म्हणतेस?" असं म्हणून तो खो खो हसला. अहवालाचा अर्थ सांगितला तेव्हा मात्र त्याचं हसू थांबलं. त्याच्यावर मी चिडले, पण फार वेळ चिडता आलं नाही. त्याने जीवशास्त्र शिकलेलं नाही. तू शिकली आहेस, आणि आधी माझ्याकडून शिकली आहेस.

शाळेत मी सांगायचे ते तुझ्या कानावरून किती वेळा गेलं असेल? आपल्या जंगलातले हत्ती, रानडुकरं, माकडं सगळी एका पारड्यात घाला, दुसऱ्यात वाळवी घाला, वाळवीचं पारडं खाली जाईल. आणि त्यातली बहुतेक वाळवी वारुळं बांधत नाही, ती मातीत आणि सडक्या लाकडात राहते. ज्या वर्षी पाऊस रुसला, खालच्या मळ्यांतले ओढे कोरडे पडले, त्या वर्षी आपला ओढा वाहत होता. वाळवीने पोखरलेल्या मातीने ओल धरून ठेवली होती. ती माती तुझ्या हाताने खणून तूच मला दाखवली होतीस, पावसाळी बूट घालून, नाकाला चिखल लावून.

तुझ्या शेवटच्या फितीपासून दगड फेकावा इतक्या अंतरावर मी गेले. एक ओंडका कोयत्याने फोडला. आतून पांढरी वाळवी अशी सांडली की मला पाय मागे घ्यावे लागले. बाजूच्या झाडावरून काळ्या वाळवीची रांग भरदिवसा चालली होती, तोंडात दगडफुलाचे गोळे धरून. तू एवढंही चालली नाहीस.

फोनवर तू म्हणालीस, "आई, दिसलं ते मोजलं, मोजलं ते लिहिलं. नसलेलं कसं लिहू?" खोटं तू लिहिलेलं नाहीस, हे मान्य. पण आपल्या जंगलात पडका ओंडका नाही, पाला नाही, जमिनीवर राखेचे ताजे ढीग आहेत, आणि तुला एक प्रश्न पडला नाही? मामाच्या ओट्यावर बसून तू भात आणि बांबांगान आंब्याचं लोणचं खाल्लंस. "मामा, इथे काय जाळलंत?" एवढंच विचारायचं होतं. त्याने कौतुकाने सगळं सांगितलं असतं. तुला संध्याकाळची गाडी गाठायची होती, असं मामी सांगते.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. येत्या गुरुवारी जिल्हा कचेरीत या जंगलतोडीची सुनावणी आहे. कंपनीचा वकील तुझा अहवाल पुढे ठेवेल. मामा उभा राहून सांगणार आहे की पट्टा आम्ही झाडला. गावप्रमुखाने भरल्या सभेत आपली फजिती स्वतः सांगायची, हे त्याला किती जड जातंय ते मी रोज बघते आहे. त्याच्यानंतर मी बोलणार. मोजणी करणाऱ्या बाईने राख पाहिली आणि विचारलं नाही, असं मी सांगेन. बाईचं नाव विचारतील, तेही सांगेन. तुझी नोकरी जाईल कदाचित, याचा विचार मी केला आहे. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आधी लिहिते आहे. सुनावणी सकाळी आहे. तू आलीस आणि माझ्याआधी उठून उभी राहिलीस, तर मी बसून राहीन.

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
आई