तांब्यातलं पाणी

३ नोव्हेंबर १९९६, रविवार
सकाळी सहाला इथे पोचणाऱ्या बसने डिमोनाहून आलो. कामगारांची ही बस माझाच मुलगा अलोन चालवतो. वळणावर त्याने खास माझ्यासाठी हॉर्न वाजवला. म्हणाला, रोज वाजवीन. जागा चांगली आहे. पत्र्याची खोली, खाट, पंखा, फोन. समोर मातीचा बांध. पलीकडे कारखान्याचं खारं तळं. अलीकडे पायथ्याला सडक, मग नहल, म्हणजे कोरडी नदी. बांधातून झिरपलेलं पाणी एका पाइपातून गटारात पडतं. त्याखाली दहा लिटरची बादली धरायची आणि ती किती सेकंदांत भरते ते लिहायचं. आज वीस.

जुना राखणदार दोव आज रिटायर झाला. जाताना सांगून गेला, पाणी नितळ असेल तर झोप, गढूळ आलं तर पळ. कमी झालं तर मात्र खूश होऊ नकोस, ते कुठे गेलं ते शोध. मग विचारलं, बायको गेल्यावर लोक तेल अवीवला मुलीकडे जातात, तू इथे मीठ चाटायला का आलास? मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

४ नोव्हेंबर, सोमवार
एकवीस सेकंद. नितळ.
बायकोचा, योखेवेदचा, तांब्या खिडकीत ठेवला. सुक्कोतच्या सणाआधी ती गेली तेव्हा शेजारणींनी रीतीप्रमाणे घरात भरून ठेवलेलं सगळं पाणी ओतून दिलं. मयताच्या घरात पाणी ठेवत नाहीत. पण हा तांब्या तिने त्याच सकाळी भरला होता. मी तो कपाटात लपवला. अलोनलाही सांगितलं नाही. वर फडकं बांधून इथे आणला. पाणी काठापासून तीन बोटं खाली आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार
सव्वीस. आमचे साहेब एफ्राइम फोनवर खूश. गळती कमी झाली, तुझा पायगुण, म्हणाले. दोवचं बोलणं सांगितलं. त्यावर म्हणाले, दोव तीस वर्षं बांध फुटायची वाट बघत बसला, बिचारा तसाच रिटायर झाला.
तांब्यातलं पाणी काठाखाली दोन बोटं. परवा मोजण्यात चूक झाली असेल.

७ नोव्हेंबर, गुरुवार
चाळीस. तांब्या काठोकाठ. फडक्याची गाठ मी बांधली तशीच होती. बोट बुडवून चाखलं. खारट, कडू. तळ्याचं पाणी. तिने तर घरच्या नळाचं भरलं होतं.
सकाळी बस थांबवून अलोनला सांगितलं की उद्यापासून वरच्या रस्त्याने जा. तो हिब्रूतच म्हणाला, अब्बा, यिहिये बसेदेर, सगळं ठीक होईल. त्या रस्त्याने चाळीस माणसं अर्धा तास उशिरा पोचतील आणि एफ्राइम माझी बसची चावी काढून घेईल. मग मराठीत, हळू, विचारलं की तुम्ही नीट जेवता ना.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
नव्वद. शब्बाथच्या सुट्टीला घरी गेलो नाही. बांधाच्या माथ्यावर चीर, माझी करंगळी जाते. एफ्राइम म्हणाले, रविवारी बघू.
खिडकीची फळी ओली.

९ नोव्हेंबर, शनिवार
चार मिनिटं. मग बादली भरलीच नाही.
पाइपातलं पाणी कुठे जातंय ते मला कळलं आहे. कुणाला सांगणार?
दुपारी तांब्या ओतायला उचलला. दारापर्यंत नेला. परत ठेवला. तिच्या हातचं दुसरं काहीच उरलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार. पावणेसहा
पाइप कोरडा. चिरेत माझा हात जातो, कोपरापर्यंत.
तांब्या गढूळ. आत माती फिरतेय.
ऑफिसात फोन कोणी उचलत नाही. अलोन डिमोनाहून निघाला असणार —

पाच पन्नास
ओततो. ती गेली तेव्हाच ओतायला हवं होतं. रिकामा झाला की लगेच सडकेवर जाऊन बसला हात दाखवायचा. पाच मिनिटं पुरतील.
योखेवेद, माफ कर.

दारात बसलोय. वही मांडीवर, तांब्या डाव्या हातात, उपडा.
एवढासा तांब्या —
पायरी भिजली. अंगण भिजलं. धार बारीक होत नाही.
संपेल. संपलं की उठतो.

वळणावर हॉर्न.
ओततोय. अजून —