शोझेला मी कधी नव्हतोच

कार्तरे, मंगळवार
(ओहोटी आहे. होडी चिखलात आणि मी स्वयंपाकघरात.)

तीर्थस्वरूप मारीव्हॉनताईस,

धाकट्या भावाचा, म्हणजे फुल्जांसचा, वाकून नमस्कार. इकडे सगळं क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुझ्या भावजयीचा, ब्लांदीनचा, गुडघा नेहमीसारखाच पाऊस सांगतो आहे (आणि रेडिओपेक्षा खरा सांगतो आहे), मांजराला चौथ्यांदा पिल्लं झाली, आणि तू पाठवलेला सफरचंदाचा काळा मुरंबा मिळाला. बरणी अर्धी संपली आहे. ब्लांदीन म्हणते मी संपवली, मी म्हणतो मांजराने. तुझी पाठ कशी आहे? जड बादल्या उचलू नकोस. हेलियर भावोजींची प्रकृती उत्तम असेल अशी आशा करतो. खरंच करतो, ताई. दोन वर्षं आमचं बोलणं बंद आहे म्हणून मी काही त्यांच्या जिवावर उठलेलो नाही.

या पत्राला तसं काही कारण नाही. सहज लिहायला बसलो.

इथली बातमी म्हणजे परवाने, दुसरं काही नाही. इंग्रज युरोपातून बाहेर पडले ते पडले, पण जाताना तुमच्या-आमच्या मधल्या समुद्राला दारं लावून गेले. आम्हा फ्रेंचांना तुमच्या जर्सी बेटाच्या हद्दीत मासेमारी करायची तर आता परवाना लागतो, आणि परवाना कोणाला? तर जो आधीपासून तिथे जात होता त्याला. ठरलेल्या तीन वर्षांपैकी कुठल्याही एका वर्षात दहापेक्षा जास्त दिवस आपण त्या पाण्यात होतो, हे कागदाने दाखवायचं. ऐकायला सोपं वाटतं. तुमच्या हद्दीतले एक्रेऊचे खडक मला या खिडकीतून दिसतात, आपले बाबा तिथे जायचे, आजोबा वल्ह्याने जायचे, आणि माझ्या दहा शेवंडांतले नऊ तिथलेच. (दहावा वाट चुकलेला.) सध्याचा तात्पुरता परवाना या महिनाअखेर संपतो. पुरावा दिला नाही तर एक्रेऊ बंद, आणि एक्रेऊ बंद म्हणजे 'मार्सेलीन' विकायची. सासूबाईंचं नाव दिलेली होडी विकणं म्हणजे काय हे तुला सांगायला नको. सासूबाई अजून आहेत. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मी कुठे जाऊ? गोठवलेल्या कोळंबीच्या कारखान्यात टोपी घालून उभा राहू?

तर गेल्या महिन्यात शेरबुर्गच्या परवान्यांच्या कचेरीत गेलो. तिथे एक तरुण मुलगी बसते, फार गोड बोलते, आणि गोड बोलणाऱ्या माणसापुढे मला नेहमी घाम फुटतो. तिने माझे तीन वर्षांचे मासेमारीचे तक्ते समोर ठेवले. आपण दर फेरीनंतर भरतो ते, तारीख, माल, जागा. तिने विचारलं, "काका, हे अक्षर तुमचंच ना?" म्हटलं, माझंच. "मग इथे प्रत्येक ओळीत शोझे लिहिलंय. शोझे तर आपल्याच हद्दीत, खाली दक्षिणेला." म्हटलं, लिहिलंय, पण मी तिथे नव्हतो. "कधी नव्हतात?" म्हटलं, कधीच नव्हतो.

ताई, तू कोळ्याची मुलगी, कोळ्याची बायको. तुला हे समजावून सांगायला लागत नाही, पण त्या मुलीला समजावता समजावता माझी दुपार गेली. तो तक्ता जातो कुठे? आपल्या बंदरावरच्या सोसायटीत. तिथे तो उघडतं कोण? ओदील. ओदील कोणाची बायको? फिर्मँची. आणि फिर्मँ कोण? ज्याला १९९७ साली मी भोळेपणाने एक चांगली जागा सांगितली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जो तिथे माझ्याआधी पोचला, तो. तेव्हापासून मी तक्त्यात शोझे लिहितो. आपल्या बंदरात पुरुष एक वेळ बायकोला दुसऱ्या बाईचं नाव सांगेल, पण जागा सांगणार नाही. मुलगी म्हणाली, पण काका, हा सरकारी कागद आहे. मी म्हटलं, बाळ, म्हणूनच तर तो सगळे वाचतात.

मग तिने माझी डिझेलची बिलं काढली आणि हिशेब केला, की एवढ्या डिझेलमध्ये मी शोझेच्या अर्ध्या वाटेवरच बंद पडलो असतो. मी आनंदाने उडी मारणार होतो. ती म्हणाली, "थांबा काका. तुम्ही शोझेला नव्हतात एवढंच सिद्ध झालं. कुठे होतात ते नाही." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

घरी येऊन पुरावा शोधायला लागलो. होडीवरच्या नकाशाच्या यंत्रात आपण गेलो ती वाट उमटते. पण ती मी रोज धक्क्याला लागायच्या आधी पुसायचो, कारण फिर्मँ "कॉफी आहे का रे?" म्हणत होडीवर चढायचा आणि कॉफी पिता पिता डोळा यंत्रावर ठेवायचा. फोटो म्हणशील तर ढीगभर आहेत. पण प्रत्येकात मी हातात शेवंड घेऊन उभा आणि मागे नुसतं पाणी. खडक दिसू नये म्हणून मी मुद्दाम होडी वळवून फोटो काढून घेत असे. ब्लांदीन एकेक फोटो बघत म्हणाली, "तुम्ही इतके हुशार आहात ना, की तुमच्या हुशारीने तुम्हालाच बुडवलं." मी म्हटलं, बुडलेलो नाही अजून. ती म्हणाली, महिनाअखेर लांब नाही.

मग साक्षीदार. मन घट्ट करून फिर्मँकडे गेलो, सोबत सफरचंदाच्या दारूची बाटली नेली. म्हटलं, बाबा रे, मी एक्रेऊला जात होतो एवढं लिहून दे. त्याने बाटली घेतली, दोन पेले भरले, आणि माझ्याकडे असा बघत राहिला की मला पेला उचलवेना. "तू शोझेला जात नव्हतास?" नव्हतो. "एकदाही?" एकदाही नाही. ताई, हा माणूस ओदीलने वाचलेल्या माझ्या तक्त्यांवर विसंबून चार वर्षं शोझेला जात होता. "चार वर्षं!" तो म्हणाला. "तिथे साधा खेकडा मिळेना, तेव्हा आमचा हातच वाईट असं समजून मी बायकोचे टोमणे खाल्ले. ओदील म्हणायची, त्या फुल्जांसला तिथेच मिळतात, तुम्हालाच बरे मिळत नाहीत. आणि आता मी लिहून देऊ?" बाटली त्याने ठेवून घेतली. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

नंतर पाद्रीबाबांकडे गेलो. वाटलं, पापाची कबुली देताना आपण कधीतरी खरं बोललो असू. ते म्हणाले, कबुलीतलं मी कोणाला सांगू शकत नाही, तुला स्वतःलासुद्धा नाही. पण ते मला दारापर्यंत पोचवायला आले आणि हळूच म्हणाले, "फुल्जांस, तू मलाही शोझेच सांगितलं होतंस." खरंच सांगितलं होतं. (पाद्रीबाबांची स्वतःची छोटी होडी आहे. देवाच्या माणसाला मोहात कशाला पाडा?)

मे महिन्यात आम्ही सगळे मिळून तुमच्या जर्सीतल्या सेंट हेलियर गावच्या बंदरावर निषेधाला आलो होतो, ते तू पाहिलंच असशील. एवढ्या होड्या, एवढा धूर, दोन्ही देशांची लढाऊ जहाजं लांब उभी, आणि मी आपला आपल्या पावाच्या डब्यासकट मध्यभागी. तुमच्याकडचे अधिकारी आमच्या होड्यांचे फोटो काढत होते. बाकीचे तोंड लपवत होते. मी टोपी काढून, जरा बाजूला सरकून, होडीचं नाव नीट दिसेल असा उभा राहिलो. जर्सीच्या हद्दीत सरकारी कॅमेऱ्यात! घरी येईपर्यंत गात होतो. ब्लांदीनने विचारलं, कुठल्या सालचा पुरावा हवाय? तेव्हा आठवलं की तो मागच्या सालांचा हवाय.

भावोजीही त्या दिवशी त्यांची हिरवी होडी घेऊन बाहेर आले होते, आमच्या विरुद्ध बाजूने. आम्ही समोरासमोर आलो, फार तर वीस हात अंतर. मी हात वर केला, अर्धाच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि सुकाणू वळवलं. मला जे समजायचं ते समजलं.

बाकी सगळं ठीक. सासूबाई तुझी आठवण काढतात. पुढच्या वेळी मुरंबा मोठ्या बरणीत पाठव, मांजर वाढलं आहे.

तुझा आज्ञाधारक (आजपासून)
फुल्जांस

ता. क. पत्राला कारण नाही असं वर लिहिलं आहे. थोडं आहे. कचेरीतली मुलगी म्हणाली, "काका, पलीकडचं कोणी आहे का, ज्याने तुम्हाला तिथे पाहिलं आणि तारीख टिपून ठेवली?" मी नाही म्हटलं आणि जिन्यात आल्यावर पायरीवर बसलो. आहे ना. भावोजींची ती निळी वही, समुद्रात जे दिसेल ते तारीखवार टिपायची. २०१८ सालभर ते मला पत्रं पाठवत होते, तुला माहीतच आहे: गुरुवार, १२ जुलै, सकाळी सव्वासहा, तुझी होडी, माझ्या शेवंडांच्या पिंजऱ्यांच्या दोरांवर तुझे पिंजरे. मी प्रत्येक पत्र चुलीत घातलं आणि उत्तर दिलं की मी शोझेला होतो, तक्ता बघा. आईच्या अंत्यविधीनंतर जेवताना त्यांनी सगळ्यांदेखत पुन्हा तेच काढलं, आणि मी आईची शपथ घेऊन म्हटलं की या माणसाला दिसत नाही. तर ताई, ती वही जपून ठेवली असेल तर तिची नक्कल मला हवी आहे. तू मागितलीस तर ते देतील. मी मागितली तर समुद्रात टाकतील, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

ता. क. २. एवढ्यावर भागत नाही, लिहूनच टाकतो. त्या दिवशी तू माझी बाजू घेतलीस. भावाची घेतलीस. तू त्यांना म्हणालीस, अहो, डोळे तपासून घ्या. आणि त्या बिचाऱ्याने घेतले. डॉक्टर झाले, दोन चष्मे झाले, शेवटी एका डोळ्याची शस्त्रक्रियासुद्धा झाली, आणि मी इथून शुभेच्छांचं कार्ड पाठवलं. ते खडकांमधून चाळीस वर्षं होडी नेणारे, आणि माझ्यामुळे घरात कोणी त्यांचा शब्द खरा मानेना. वही आली नाही तरी चालेल असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं होईल. पण वही आली काय, न आली काय, हे तू त्यांना वाचून दाखव. मला लाज वाटते आहे.

ता. क. ३. बुधवार. पाकीट बंद करून ठेवलं होतं, ते फोडून लिहितो आहे. आत्ताच पोस्टमन तुमच्या गॉरीहून आलेला जाड लखोटा देऊन गेला, भावोजींच्या अक्षरातला. मला वाटलं वकिलाची नोटीस. त्यांना कोणी कळवलं देव जाणे (सगळं कार्तरे हसतंय, ते हसू तुमच्या धक्क्यापर्यंत गेलं असेल). आत तुमच्याकडच्या अधिकाऱ्यासमोर सही केलेला कागद आहे: हेलियर विबेर यांनी फुल्जांस लेकानू यांना एक्रेऊ येथे पुढील दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. 'स्वतःच्या डोळ्यांनी' याच्याखाली दोन रेघा. मग तारखा, वेळ, वारा, भरती-ओहोटी. पण तारखा दहाच, ताई, आणि नियम दहापेक्षा जास्तचा. त्याखाली एक ओळ कोरी सोडली आहे, आणि सोबत चिठ्ठी: "मला दिसलास तेवढे दिवस लिहिले आहेत. धुक्यातले तुला माहीत. तू लिही, तू लिहिशील ते मी मानतो. पण या वेळी खरं."

बायकोने, पाद्रीने, सरकारने, कोणीच माझ्या शब्दावर जी गोष्ट मानली नसती, तिच्यासाठी या माणसाने ओळ कोरी सोडून पाठवली. तासभर पेन हातात घेऊन बसलो होतो. एकच ओळ होती. बारीक अक्षरात चार तारखा बसवल्या, त्यांतल्या दोन दिवशी मी त्यांचे पिंजरेही उपसून रिकामे केले होते, तेही लिहिलं. आता हा कागद कचेरीत जाण्याआधी त्यांनी वाचायला हवा, म्हणून या पत्रासोबत परत पाठवतो आहे.