एकोणीस वर्षांत दंड नाही

१९ ऑक्टोबर, शनिवार
आठवड्याचा वाटा – १,१४० डॉलर. त्यातले ३८० लगेच बँकेतल्या दुसऱ्या खात्यात. शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडणाऱ्या बोटीवर पगार नसतो, वाटा असतो. कर कुणी कापून देत नाही. तिसरा हिस्सा आपणच काढायचा आणि तो आपला नाही असं समजायचं. मेरिल, आमच्या बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, मला बोटीवर चुकून आलेला कारकून म्हणतो. आठवीत शाळा सोडली, पण सरकारी पुस्तिका मी स्वतः वाचतो. एकोणीस वर्षांत एका सेंटचा दंड नाही!

२ नोव्हेंबर
कोरीन लग्नाला हो म्हणाली. मी त्रेपन्न, ती एक्कावन्न. तारीखही तिनेच सांगितली – २८ डिसेंबर. ऐन थंडीत का, विचारलं, तर हसली आणि पुढ्यात आणखी वाटाण्याचं सूप वाढलं. शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे पोरांना वाढते, तिच्याशी वाद घालायचा नाही.

१० नोव्हेंबर
घोटाळा! नियम पुन्हा वाचला. दोन तृतीयांश कमाई मासेमारीची असेल तर मासेमाराला तिमाही हप्ते नाहीत, सगळा कर १ मार्चपर्यंत एकदम. मी तसाच भरत आलो. पण ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असलं की सगळं वर्ष विवाहित धरतात. कोरीनचा पगार मिळवला की माझी मासळीची कमाई एकूण कमाईच्या साठ टक्क्यांवर येते. म्हणजे एप्रिल, जून, सप्टेंबरचे हप्ते चुकले. दंड! पैसे खात्यात पडून असताना!
नवराबायकोने कराचे कागद वेगवेगळे भरायची सोय आहे. ती मला पटत नाही. लग्न करायचं तर कागदावरही एकत्र.

१३ नोव्हेंबर
कोरीनला आकडे मांडून दाखवले. लग्न ४ जानेवारीला करू म्हटलं – सातच दिवस पुढे. तिने कागद नीट पाहिला. मग विचारलं, "दंड किती?"
साधारण तीनशे डॉलर.
"तीनशे मी देते."
प्रश्न पैशाचा नाही, म्हटलं. ती भांडी घासायला उठली. मला पुसायला फडकं दिलं नाही.

१४ नोव्हेंबर
फोन नाही.

२३ नोव्हेंबर
मेरिलला बोटीवर सांगितलं. त्याने आधी दहा पिंजरे ओढून घेतले. मग म्हणाला, "वकीलसाहेब, ती बाई तुला हो म्हणाली हेच मला अजून खरं वाटत नाही. आता तारखेसाठी घासाघीस करतोस?"
त्याला नियम कळत नाहीत.

७ डिसेंबर
कोरीन मानली. "बरं, जानेवारी," एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. जिंकल्यासारखं वाटत नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार
इस्पितळातून फोन. कोरीनबाईंच्या सांगण्यावरून १४ जानेवारीची वेळ रद्द केलीय, पुढची थेट मे महिन्यात. कसली वेळ? – उजव्या हाताच्या तपासणीची आणि शस्त्रक्रियेची. माझ्या.
बोटं बधिर होतात हे मी कुणाला सांगितलेलं नाही. या वहीतही लिहिलं नाही.
तसाच तिच्याकडे गेलो. तेव्हा कळलं, तिच्या शाळेतल्या नोकरीचा आरोग्यविमा नवऱ्याला लग्नानंतरच्या महिन्याच्या एक तारखेपासून मिळतो; लग्न जानेवारीत म्हणजे विमा फेब्रुवारीत. म्हणून डिसेंबर! मी दोन्ही हातांनी कप धरतो, हे तिने वर्षभर पाहिलंय.
"आधी का नाही सांगितलंस?"
"सांगितलं असतं तर म्हणाला असतास, बायकोच्या जिवावर हात दुरुस्त करून घेणारा मी नाही."
म्हणालो असतो.
तिथूनच इस्पितळाला फोन केला. वेळ अजून दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. सोमवारी, ३० तारखेला सकाळी नगर कचेरीत लग्न. साक्षीला मेरिल आणि त्याची बायको.
निघताना कोरीनने माझा उजवा हात धरला. बोटांना काही कळत नव्हतं. तरी सोडवला नाही.