रुमालाखालचा भाव

१० डिसेंबर २००१, सोमवार

"आन् रुमाल कोन धरनार?" — बसवंतप्पांनी विचारलं आणि सगळं ऑफिस माझ्याकडं बघायला लागलं!

त्याआधी किती छान चाललं होतं. आमचे जुने मॅनेजर रेवणसिद्धप्पा गुडघ्यांना कंटाळून गावी गेले. मालक वीरण्णा सगळ्यांदेखत म्हणाले, "जगदेवी अक्का, डाळ मिल तुमीच चालवायलाव इतकी वरसं. मशीन तुमाला ठाव, बाया तुमाला ठाव, हैदराबादचे व्यापारी फोन बी तुमालाच करतेत. आता खुर्ची बी तुमीच घ्या." इथल्या कुठल्याच डाळ मिलमध्ये बाई मॅनेजर झालेली मी तरी ऐकली नाही.

आणि मध्येच हे बसवंतप्पा! बाजारातले मोठे अडते. शेतकऱ्यांची तूर आम्हाला तेच मिळवून देतात. त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, तीच पंचाईत. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. अडत्या हात पुढं करतो, मिलचा मॅनेजर त्यात आपला हात देतो, वरून रुमाल टाकतात, आणि आत बोटं दाबून सौदा होतो. ज्याची तूर, तो शेतकरी बाजूला उभा असतो. भाव त्याला सगळ्यात शेवटी कळतो.

परक्या बाईचा हात रुमालाखाली कोण धरणार?

वीरण्णांनी मान खाजवली. "संक्रांतीपोतर बघू अक्का. गोदाम भरलं तर खुर्ची तुमची. न्हाई तर चन्नवीर हायच."

चन्नवीर म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा. शिकलेला, नम्र, कष्टाळू. वाईट असता तर बरं झालं असतं!

११ डिसेंबर

भरणार. गोदाम भरणार म्हणजे भरणार!

१२ डिसेंबर

यांना सांगितलं तर हसतच सुटले. "हात्तिच्या! रुमाल मी शिकवतो तुला."

हे आयुष्यभर बसवर ड्रायव्हर. भीमाशंकर ड्रायव्हर म्हटलं की अख्खा हुमनाबाद स्टँड ओळखतो. पण यांचे वडील मेंढरं राखायचे, आणि मेंढरांच्या बाजारातही असाच रुमाल. भाकरीचं फडकं घेतलं, स्वयंपाकघरात पाटावर समोरासमोर बसलो. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, आडवं दाबलं की अर्धा. मी दोनदा चुकले.

"असं इकत घेतलीस तर वीरण्णाला धोतर इकावं लागंल!"

सौदा जमला तरी फडकं काढायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतका वेळ यांनी माझा हात कधी धरला होता? मग हेच लाजले आणि रेडिओ लावायला उठले.

१५ डिसेंबर

बाजारात गेले. इस्त्रीची साडी, खांद्यावर नवा पांढरा रुमाल. बसवंतप्पांच्या दुकानापुढं तुरीचे ढीग. मी सरळ हात पुढं केला.

बसवंतप्पांनी आपले दोन्ही हात पाठीमागं लपवले! शाळेतल्या पोरासारखे.

"अक्का, घरी बायको हाय माजी. तिला काय सांगू?"

"सांगा, तुरीचा भाव विचारत होती म्हणून."

सगळे हसले. तेही हसले. चहा पाजला, खारी दिली. तूर दिली नाही.

१८ डिसेंबर

चन्नवीरनं तोड काढली. "अक्का, हात माजा, आकडा तुमचा. तुमी कानात सांगा, मी बोटं दाबतो." तसं केलं. दोन ट्रॅक्टर माल मिळाला. मी खूश!

परत निघताना बसवंतप्पा म्हणाले, "नमस्कार मॅनेजरसाब!" मी वळून हसले. ते चन्नवीरला म्हणत होते.

चन्नवीरची मान खाली. जीपमध्ये म्हणाला, "अक्का, मला हे बरं वाटंना झालंय." मलाही नाही. उद्यापासून बंद.

१९ डिसेंबर

बंद केलं, आणि आज पोतंभर तूरही आली नाही.

२५ डिसेंबर

नाताळ. गुलबर्ग्याच्या आमच्या कॉन्व्हेंटची आठवण येतेच. आमचे अप्पा तिथं माळी होते म्हणून मला त्या शाळेत जागा मिळाली. धनगराची पोर, पायात चप्पल नाही, आणि फ्रॉकला कडक इस्त्री! नाताळच्या सकाळी सिस्टर बेनेडिक्टा मला केकचा कडेचा तुकडा द्यायच्या. कडेचा जास्त खरपूस लागतो म्हणून मीच मागून घ्यायची. अजून तो वास आठवतो.

जीप त्याच चालवायच्या. विहिरीची मोटर बिघडली की झगा वर खोचून त्याच खाली वाकायच्या. कोळशाच्या व्यापाऱ्याशी अशी घासाघीस करायच्या की तो घाम पुसत जायचा. फाटकापासून ऑफिसपर्यंत सगळं बायांच्या हाती. मला वाटायचं, सगळं जगच असं असतं! बाहेर आल्यावर केवढं नवल वाटलं होतं.

आणि वाचनाचा तास. मी पुटपुटले की त्या वर्गाच्या पार मागच्या भिंतीला जाऊन उभ्या राहायच्या. "जगदेवी, मी इथं आहे. मला ऐकू आलं पाहिजे." रागावून नाही. अगदी शांतपणे. ऐकू येईपर्यंत तिथंच उभ्या.

२८ डिसेंबर

आज बाजारात नुसतीच उभी होते. एका ढिगाजवळ एक बाई, डोक्यावर पदर, हातात रिकामं पोतं. नागूबाई नाव, ठाणाकुशनूरहून आलेली. नवरा आजारी, म्हणून तूर घेऊन स्वतः आली. तिच्याच ढिगापाशी बसवंतप्पा आणि दुसऱ्या मिलचा माणूस हातांवर रुमाल टाकून उभे. ती एकदा रुमालाकडं बघे, एकदा त्यांच्या तोंडाकडं.

मला म्हणाली, "बाई, तूर माजी. आन् भाव माज्यापसूनच झाकायलेत, कामून?"

इतकी वर्षं तुरीत काढली, पण हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता! मी आपली रुमालाच्या आत हात कसा घालायचा, याच विचारात.

२९ डिसेंबर

ठरलं. हे म्हणाले, "बाजार खवळंल बघ." खवळू दे.

३१ डिसेंबर

खवळला!

काट्याशेजारच्या चौथऱ्यावर चढले. समोर एक चांगला ढीग होता, दाणा टपोरा. मागच्या भिंतीकडं बघितलं आणि भाव सांगितला — मोठ्यानं. सगळा बाजार थबकला. हमालाच्या पाठीवरचं पोतं पाठीवरच राहिलं.

"अक्का! भाव बोलायचा असतो व्हय?" बसवंतप्पा धावत आले. "लाज हाय का न्हाई?"

"तुरीला कसली लाज, अण्णा?"

मग सगळे अडते एक झाले. मला कुणी माल द्यायचा नाही असं ठरलं. गोदाम अर्धंही भरलेलं नाही.

२ जानेवारी २००२

माल नाही. तरी चौथऱ्यावर चढले, भाव सांगितला, उतरले. एकजण ओरडला, "अक्का, गाना बी म्हना!" मी म्हटलं, "तूर दे, म्हणते."

३ जानेवारी

माल नाही. घसा बसला. यांनी हळद-दूध दिलं आणि अनिलकुमारचा पुण्याहून फोन आला — "आई, कशाला या वयात? इकडं ये राहायला." त्याला म्हटलं, सीझन संपला की येते, चार दिवस. त्याच्या कंपनीत मोठी साहेब बाईच आहे, असं त्यानंच मागं सांगितलं होतं. आईचं मात्र वय झालं!

५ जानेवारी

नागूबाई परत आली! उरलेली तूर घेऊन. बसवंतप्पांच्या दुकानापुढं ढीग टाकला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अण्णा, माजा माल बोलणाऱ्या बाईलाच घाला. न्हाईतर पोती भरते परत."

बसवंतप्पा लाल झाले. तिच्यामागं आणखी चार ट्रॅक्टर उभे होते, तेही तेच म्हणू लागले. मी भाव सांगितला. दुसऱ्या मिलचा माणूस रुमाल हातात धरून बघत राहिला, आणि शेवटी त्याच्या तोंडून आकडा निघालाच! माझ्यापेक्षा कमी. मग काय, जोरात हशा.

बसवंतप्पा मला हळूच म्हणाले, "अक्का, तुमच्या तोंडानं आमचा बाजार उठवला." पण अडत, म्हणजे त्यांची दलाली, त्यांना मिळालीच, आणि चहा त्यांनीच पाजला.

९ जानेवारी

रोज माल! मादन हिप्परग्याचा एक ट्रकसुद्धा आला. कुणीतरी तिकडं सांगितलं म्हणे, इथं भाव ऐकायला येतो.

१४ जानेवारी, संक्रांत

गोदाम गच्च. दार लावायला दोन माणसं लागली.

मिलमधल्या बायांनी मला खुर्चीत बसवून तिळगूळ दिला. गौरम्मा चाळणीवर असते, तिनं खुर्चीलाच हळद-कुंकू लावलं! वीरण्णांनी किल्ल्या हातात दिल्या. मला कॉन्व्हेंटचं फाटक आठवलं, आणि सिस्टरच्या कमरेला वाजणारा किल्ल्यांचा जुडगा.

मग सगळे गेल्यावर वीरण्णा म्हणाले, "अक्का, एक सांगू? मोठ्यानं बोलून माल भरपूर आला, पर जरा म्हाग पडायलाय. बसवंतप्पा आता तुमचा हात धरायला तयार हाय. मीच बोललो त्याला. आता मॅनेजर झालाव, बाजाराच्या रीतीनं चला."

किल्ल्या पदराला बांधल्या. घरी येईस्तोवर त्या जड झाल्या होत्या.

१५ जानेवारी

हे विचारत होते, काय करणार? म्हटलं, किल्ल्या परत द्यायची वेळ आली तर देईन. हे म्हणाले, "मग जेव आता." जेवले. छान झोप लागली.

१६ जानेवारी

बसवंतप्पांनी सगळ्या बाजारादेखत हात पुढं केला. "या अक्का, आता तुमी आमच्यातल्याच!" वीरण्णा मुद्दाम बघायला आलेले, गर्दीच्या मागं उभे. मी माझा रुमाल काढला, चौथऱ्यावरची धूळ पुसली, वर चढले आणि भाव सांगितला. शेतकरी आपापले ढीग सोडून चौथऱ्याकडं सरकले, आणि वीरण्णांनी मान खाजवली. मग मागून वीरण्णांचाच आवाज आला —

"अक्का, जरा मोठ्यानं! मागं ऐकायला येईना झालंय."